१९८६ चा कप कुणाचा? लष्करी क्लब, त्याचा फुटबॉल विभाग आणि स्टेआउआची फाटाफूट

बुखारेस्टमध्ये आज दोन फुटबॉल क्लब आहेत आणि १९८६ चा युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या विजेत्या क्लबांची स्पर्धा, आपणच जिंकली, असं दोघंही म्हणतात. पहिला एफसीएसबी. ही खासगी कंपनी आहे, रोमानियाच्या अव्वल साखळीत खेळते आणि २०२४ व २०२५ अशी सलग दोन वर्षं विजेती ठरली आहे. दुसरा सीएसए स्टेआउआ. हा रोमानियाच्या संरक्षण मंत्रालयाचा बहुक्रीडा क्लब. त्याचा फुटबॉल संघ २०१७ मध्ये चौथ्या श्रेणीपासून नव्याने सुरू झाला आणि २०२१ मध्ये दुसऱ्या श्रेणीत पोचला. युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाच्या, यादीत तो कप एफसीएसबीच्या नावापुढे आहे. स्टेआउआ हे नाव मात्र कायद्याने लष्कराचं.

हा घोळ समजून घ्यायचा तर आधी एक गोष्ट नीट बघावी लागते. लष्करी बहुक्रीडा क्लबात ‘फुटबॉल क्लब’ अशी वेगळी वस्तूच नसते. असतो तो एक विभाग.

वरपासून खालपर्यंत रचना

सगळ्यात वर संरक्षण मंत्रालय. त्याच्या हाताखाली क्लब, आणि क्लबचा प्रमुख म्हणजे नेमणुकीवर आलेला अधिकारी. त्याला निवडणूक लढवावी लागत नाही आणि त्याच्याकडे समभागही नसतात. बदलीचा हुकूम आला की दुसरा येतो. क्लबखाली विभाग: फुटबॉल, हँडबॉल, रग्बी, नेमबाजी, ॲथलेटिक्स, मुष्टियुद्ध वगैरे. बुखारेस्टचा हा क्लब ७ जून १९४७ ला स्थापन झाला तेव्हा सात विभाग होते आणि फुटबॉल त्यांपैकी एक. नावं बदलत गेली: आधी एएसए, १९४८ मध्ये सीएससीए, १९५० मध्ये सीसीए आणि १९६१ पासून सीएसए स्टेआउआ. टेनिसपटू इली नस्तासे आणि उंच उडीतली योलांदा बालाश याच क्लबच्या. हँडबॉल विभागाने १९६८ आणि १९७७ मध्ये युरोपियन कप जिंकला, म्हणजे युरोपचं पहिलं मोठं विजेतेपद क्लबकडे फुटबॉलवाल्यांनी आणलेलं नाही. फुटबॉलच्या चर्चेत हे कुणाला आठवत नाही, पण क्लबच्या दृष्टीने दोन्ही कप एकाच कपाटातले.

विभागाला कायद्याच्या नजरेत स्वतंत्र अस्तित्व नसतं. तो करार करू शकत नाही, कर्ज काढू शकत नाही, कोर्टात उभा राहू शकत नाही. खेळाडूची नोंदणी क्लबच्या नावे, मैदान मंत्रालयाच्या जमिनीवर, बोधचिन्ह क्लबचं, पगारपत्रक लष्कराचं. जोवर सगळं एका छताखाली आहे तोवर ‘हे नक्की कुणाचं?’ असं विचारायची गरजच पडत नाही. १९४७ ते १९९८ ही ५१ वर्षं कुणी विचारलंही नाही, आणि पुढच्या सगळ्या खटल्यांचं मूळ तिथेच आहे. जे कधी वेगळं मोजलंच नव्हतं, ते वाटून घ्यायची वेळ आली.

खेळाडू कुठून यायचे

पूर्व युरोपात त्या काळी व्यावसायिक फुटबॉल कागदोपत्री नव्हतंच. प्रत्येक खेळाडू कुठेतरी ‘नोकरीला’ असायचा: रेल्वेत, कारखान्यात, पोलिसांत किंवा सैन्यात. लष्करी क्लबचा खेळाडू शिपाई किंवा अधिकारी म्हणून नोंदवलेला. त्याला हुद्दा, पगार आणि बढती मिळायची; सराव हीच त्याची ड्यूटी. कागदावर हौशी असल्यामुळे हेच लोक ऑलिम्पिकमध्येही उतरू शकायचे. हंगेरीने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकलं तेव्हा त्या संघाचा कणा बुडापेस्टच्या होनवेदचा, म्हणजे सैन्याच्या संघाचा होता. त्यातला सर्वांत गाजलेला खेळाडू पुश्काश, त्याला मेजरचा हुद्दा होता.

लष्करी क्लबचं खरं हत्यार म्हणजे सक्तीची लष्करी सेवा. इतर क्लबांना खेळाडूची मनधरणी करावी लागे. सैन्य त्याला बोलावणं पाठवत असे. किश्पेश्त हा उपनगरी क्लब सैन्याने ताब्यात घेऊन त्याचा होनवेद केला. पुश्काश आणि बोझिक तिथलेच होते, पण कोचिश फेरेन्त्स्वारोश या दुसऱ्या क्लबकडून आला तो याच मार्गाने. राष्ट्रीय संघाचे बहुतेक खेळाडू वर्षभर एकत्र सराव करणार, म्हणजे संघ बांधायचं निम्मं काम झालंच. त्या काळच्या हंगेरीच्या खेळात जी एकजिनसी लय दिसायची तिच्यामागे प्रतिभा होती, तशी ही सोयही होती.

सगळेच लष्करी संघ मात्र असे सक्तीने भरलेले नव्हते. १९८६ च्या स्टेआउआत गोलरक्षक हेल्मुट दुकादाम १९८२ मध्ये यूटीए अरादकडून आला होता आणि मधल्या फळीतला लास्लो बोलोनी १९८४ मध्ये एएसए तिर्गू मुरेशकडून, जो स्वतःच लष्करी क्लब होता. गिओर्गी हाजीची गोष्ट तर नमुनेदार आहे. फेब्रुवारी १९८७ मध्ये डायनॅमो कीवविरुद्धच्या युरोपियन सुपर कपसाठी त्याला स्पोर्तुल स्तुदेन्त्सेस्क या क्लबकडून आणलं, तेही एका सामन्यापुरतं. मोनाकोत त्याने सामन्यातला एकमेव गोल केला आणि मग तो परत गेलाच नाही. हुकूमशहा चाउशेस्कूचा मुलगा व्हॅलेंटिन त्या काळात क्लबचा पाठीराखा होता, हे लक्षात घेतलं की अशा व्यवहारात समोरचा क्लब का गप्प बसतो ते कळतं.

हुकमावर चालणाऱ्या संघाला हुकमाचाच धोकाही असतो. मॉस्कोचा सैन्य संघ १९५२ मध्ये ऑलिम्पिकला युगोस्लाव्हियाकडून झालेल्या पराभवानंतर थेट बरखास्त झाला. त्याआधीच्या सहा वर्षांत तो पाच वेळा सोव्हिएत विजेता होता. पूर्व जर्मनीचा फोरवेर्ट्स १९५३ मध्ये लाइपझिगहून बर्लिनला आणि १९७१ मध्ये बर्लिनहून फ्रँकफुर्ट आन डेर ओडरला हलवला गेला. प्रेक्षकांना विचारायचा प्रश्नच नव्हता. दुसरा तोटा हळूहळू जाणवणारा: बोलावणं पाठवून आणलेल्या खेळाडूंमागे गाव, गल्ली, मोहल्ला येत नाही. प्रागच्या दुक्ला या सैन्य संघाकडे १९६२ चा बॅलन डी’ओर (युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब) विजेता मासोपुस्त होता, तरी घरच्या मैदानावरची गर्दी बेताचीच. या बाबतीत स्टेआउआ वेगळा ठरला, आणि त्याचं एक कारण म्हणजे सेव्हिया.

एक संध्याकाळ आणि वीस विजेतेपदं

७ मे १९८६, युरोपियन कपचा अंतिम सामना. स्पेनमधल्या सेव्हियाच्या सांचेझ पिझ्हुआन मैदानावर समोर बार्सिलोना. १२० मिनिटांत गोल नाही. शूटआऊटमध्ये दुकादामने बार्सिलोनाच्या चारही पेनल्टी अडवल्या; लाकातुश आणि बालिंत यांनी आपल्या मारल्या; निकाल २-०. प्रशिक्षक एमेरिच येनेई. पूर्व युरोपातल्या संघाने हा कप जिंकायची ती पहिलीच वेळ. पुढे जून १९८६ ते सप्टेंबर १९८९ देशांतर्गत साखळीत १०४ सामने अपराजित, आणि १९८९ मध्ये पुन्हा अंतिम फेरी, जिथे मिलानने ४-० असं धुतलं.

१९९८ पर्यंत या विभागाच्या नावावर २० राष्ट्रीय विजेतेपदं जमली, त्यांतली शेवटची सहा सलग (१९९३ ते १९९८). हा वीसचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

विभाग वेगळा काढतात म्हणजे काय करतात

१९८९ च्या क्रांतीनंतर हिशोबच बदलला. खेळाडू उघडपणे व्यावसायिक झाले, परदेशी जाऊ लागले, करार आणि हस्तांतरणाचे पैसे आले. मंत्रालयाच्या क्लबला हे झेपत नाही, आणि त्यामागची कारणं रोजच्या व्यवहारातली आहेत. अंदाजपत्रक वर्षाचं आणि आधी मंजूर झालेलं, पण खेळाडू विकत घ्यायचा तर निर्णय दोन दिवसांत हवा. पगार सरकारी श्रेणीत बसवावा लागतो. आघाडीपटूला कर्नलपेक्षा कितीतरी पट देणार कसे? खरेदीला निविदा लागते. खेळाडू विकून आलेला पैसा कुठल्या खात्यात जमा होणार आणि तो पुन्हा संघावर खर्च करता येईल का, यावर हिशोब तपासणीस बोट ठेवणार.

म्हणून १९९८ मध्ये फुटबॉल विभाग सीएसएपासून वेगळा होऊन एएफसी स्टेआउआ ही स्वतंत्र संस्था झाली. प्रमुख उद्योजक व्हियोरेल पाउनेस्कू. २००३ मध्ये संघ एका समभाग कंपनीकडे गेला आणि सूत्रं जॉर्ज (जिजी) बेकालींच्या हाती आली. म्हणजे साखळीत तीन कड्या आहेत: विभाग, संस्था, कंपनी. प्रत्येक सांध्यावर काय हस्तांतरित झालं आणि काय नाही, हा खरा प्रश्न.

अशा वेळी पाच वेगवेगळ्या गोष्टी हलवाव्या लागतात. साखळीत खेळण्याचा हक्क महासंघाच्या संमतीने जातो. खेळाडूंची नोंदणी आणि करार प्रत्येकाच्या कागदाने जातात. या दोन गोष्टी तातडीच्या असतात, कारण त्यांच्याशिवाय पुढच्या शनिवारी संघ मैदानात उतरणार नाही; त्यामुळे त्या व्यवस्थित होतात. नाव, बोधचिन्ह आणि रंग यांसाठी स्वतंत्र लेखी हस्तांतरण किंवा वापराचा परवाना लागतो. मैदान मंत्रालयाचंच राहतं, त्याला भाडेकरार लागतो. आणि पाचवी गोष्ट, जिंकलेल्या कपांचा इतिहास, तिच्याबद्दल सहसा कुणी एक ओळसुद्धा लिहीत नाही. लोक, संघ, प्रशिक्षक, कपडे सगळं तेच दिसतंय म्हटल्यावर वेगळं लिहायचं कशाला, असं दोन्ही बाजूंना वाटतं. वहिवाट एकाची आणि सातबारा दुसऱ्याचा, अशी ही स्थिती; भांडण नसेपर्यंत चालते.

खटला

भांडण २०११ मध्ये कोर्टात गेलं. लष्कराचं म्हणणं साधं होतं: हा आमचा विभाग नाही, ही वेगळी कंपनी आहे, आणि आमचं नाव, चिन्ह व रंग ती २००४ पासून विनाहक्क वापरते आहे. डिसेंबर २०१४ मध्ये रोमानियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ट्रेडमार्कचा निकाल लष्कराच्या बाजूने दिला.

त्याचा परिणाम लगेच मैदानावर दिसला. काही दिवसांतच याश शहराच्या संघाविरुद्ध घरचा सामना होता. राष्ट्रीय विजेता संघ बोधचिन्हाविना उतरला. धावफलकावर क्लबच्या नावाऐवजी नुसतं ‘यजमान’ आणि ‘पाहुणे’. ट्रेडमार्क गमावणं म्हणजे प्रत्यक्षात काय, याचं इतकं स्वच्छ उदाहरण फुटबॉलमध्ये क्वचितच सापडेल. संघ तोच, गुण तेच, साखळीतली जागा तीच. फक्त स्वतःचं नाव उच्चारायची सोय नाही. जानेवारी २०१५ मध्ये नवं चिन्ह आलं आणि मार्च २०१७ मध्ये कंपनीने अधिकृत नाव बदलून एफसीएसबी केलं.

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. ट्रेडमार्कचा निकाल म्हणजे इतिहासाचा निकाल नव्हे. ट्रेडमार्कचा प्रश्न असतो: आज हे चिन्ह लावून तिकीट आणि टीशर्ट कोण विकू शकतो? इतिहासाचा प्रश्न असतो: अमुक साली जिंकलेला संघ आजच्या कुठल्या संस्थेत जिवंत आहे? पहिल्याला कायद्यात नोंदवही आहे. दुसऱ्याला तशी नोंदवही नाही. तो महासंघाच्या यादीवर, हस्तांतरणाच्या कागदांवर आणि शेवटी न्यायाधीशाच्या अर्थ लावण्यावर ठरतो. त्यासाठी वेगळा खटला चालला. बुखारेस्टच्या न्यायालयांत १९९८ पर्यंतचा वारसा लष्कराचा, असे निर्णय झाले, आणि मग अपिलांची रांग लागली. युएफा मात्र सगळं एफसीएसबीच्या पानावर दाखवत आली आहे, कारण साखळीतलं सातत्य तिच्याकडे आहे: एकही हंगाम न चुकता तीच जागा पुढे चालत आली.

आकडे असे वाटले जातात. १९९८ पर्यंतची २०. मधल्या संस्थेच्या काळातलं २००१ चं एक, एकविसावं. कंपनीने स्टेआउआ नावाखाली सुरू केलेल्या हंगामांतली २००५, २००६, २०१३, २०१४ आणि २०१५ अशी पाच. एफसीएसबी नावाने २०२४ आणि २०२५ ची दोन. एकूण २८. एफसीएसबी २८ सांगते. लष्कराचा मुद्दा मान्य केला तर एफसीएसबीकडे सात उरतात, आणि २००१ चं ते एक अशा संस्थेचं ठरतं जिचा आज संघच नाही. २००६ च्या युएफा कप उपांत्य फेरीबद्दल, जिथे मिडल्सब्रोने एकूण ४-३ ने हरवलं, फारसा वाद नाही. ती कंपनीच्या काळातली.

लष्कराने पुन्हा संघ काढला तेव्हा

२०१७ मध्ये सीएसएने फुटबॉल विभाग पुन्हा सुरू केला. नाव हातात, चिन्ह हातात, पण साखळीतली जागा नाही. ती एफसीएसबीकडेच असल्याने सुरुवात चौथ्या श्रेणीतून, शहर पातळीवरून. जुन्या समर्थकांचा कडवा गट, ‘पेलुझा सुद’, या संघामागे आला. एप्रिल २०१८ मध्ये अकादमिया रापिदविरुद्धच्या चौथ्या श्रेणीच्या सामन्याला राष्ट्रीय मैदानावर ३६,००० हून अधिक लोक होते. नावाची किंमत किती, हे मोजायचं तर हा आकडा कुठल्याही मूल्यांकनापेक्षा बोलका आहे. संघ २०२० मध्ये तिसऱ्या आणि २०२१ मध्ये दुसऱ्या श्रेणीत चढला. त्याच २०२१ मध्ये गेन्चा भागात, १९७४ चं मैदान पाडून, सुमारे ३१,००० आसनांचं नवं मैदान उघडलं. पहिला सामना ओएफके बेलग्रेडशी, जसा १९७४ मध्ये होता.

आणि मग संघ अडकला. अव्वल साखळी व्यावसायिक आहे; तिथे येणाऱ्याला कायद्याने चालेल असं स्वरूप लागतं, आणि मंत्रालयाची सार्वजनिक संस्था त्यात बसली नाही. त्यामुळे संघाने दुसऱ्या श्रेणीत कितीही गुण मिळवले तरी बढतीचा हक्क नाही, अशी स्थिती हंगामामागून हंगाम राहिली. गंमत बघा: वर जायचं तर विभाग वेगळा काढून कंपनी करावी लागेल, म्हणजे १९९८ मध्ये केलं तेच. आणि कंपनी केली की नाव, मैदान, इतिहास तिला द्यायचा की भाड्याने ठेवायचा, हा प्रश्न पुन्हा दारात. फरक इतकाच की आता मंत्रालयाचे वकील प्रत्येक ओळ वाचतील.

लष्करातच राहिलेले

वेगळं न काढता चालवता येतं का? येतं, पण किंमत मोजून. दक्षिण कोरियाचा सांगमू हा सैन्याच्या क्रीडा पथकाचा संघ. इतर क्लबचे व्यावसायिक खेळाडू अर्ज करून इथे भरती होतात, साधारण १८ महिन्यांची सेवा करतात आणि आपापल्या मूळ क्लबकडे परततात. परदेशी खेळाडू नाहीत, विक्री-खरेदी नाही. सेवा संपणाऱ्या तुकड्या हंगामाच्या मध्येच निघून जातात, त्यामुळे वसंतात जमलेला संघ शरद ऋतूत ओळखू येत नाही. सांगमूचा दुसऱ्या टप्प्यातला फॉर्म बघताना हे आधी तपासावं. शहराशी करार करून घर शोधावं लागतं: २००३ ते २०१० ग्वांगजू, २०११ ते २०२० सांगजू, २०२१ पासून गिमचॉन. सांगजूशी करार संपला म्हणून २०२० मध्ये चौथा क्रमांक येऊनही संघ खालच्या श्रेणीत गेला. २०२४ मध्ये गिमचॉन तिसरा आला, तरी आशियाई स्पर्धेत जागा नाही, कारण क्लब म्हणून परवान्याच्या अटी तो पुऱ्या करत नाही.

मोरोक्कोचा एएस एफएआर हा रबातचा सैन्याचा क्लब १९५८ मध्ये स्थापन झाला. १९८५ मध्ये आफ्रिकन चॅम्पियन्स कप जिंकणारा तो पहिला मोरोक्कन क्लब आणि त्याच्या महिला संघाने २०२२ मध्ये आफ्रिकन चॅम्पियन्स लीग जिंकली. तिथे फुटबॉल अजून क्लबच्या लष्करी ओळखीखालीच आहे, त्यामुळे कप कुणाचा असं विचारायची वेळ आलेली नाही.

बल्गेरियात सोफियाच्या सीएसकेएची वाट आणखी वाकडी. सैन्यापासून सुटलेला फुटबॉल क्लब कर्जामुळे २०१५ मध्ये अव्वल श्रेणीतून बाहेर फेकला गेला, आणि २०१६ मध्ये लोवेचच्या लितेक्स क्लबच्या जागेवर त्याच नावाचा संघ अव्वल साखळीत परत आला. त्याच सुमारास समर्थकांनी सीएसकेए १९४८ हा दुसरा संघ काढला. इथे बुखारेस्टच्या उलट झालं: साखळीतलं सातत्य तुटलं, नाव पुढे गेलं.

म्हणून अशा कुठल्याही क्लबची विजेतेपदांची यादी समोर आली की तीन तारखा शोधाव्यात: विभाग लष्करापासून वेगळा कधी झाला, कंपनी कधी झाली, आणि नाव किंवा चिन्ह कुणाच्या नावे कधी नोंदवलं गेलं. मग यादी कुणी छापली आहे ते बघावं. युएफाची यादी साखळीतल्या जागेमागे जाते, क्लबच्या संग्रहालयातली यादी चिन्हामागे. १९८६ चा चषक दोन्हीकडे लिहिलेला सापडेल.